शुश्रूषा आणि श्रवण : रुग्णालयातील बालक, त्याचे कुटुंब आणि भाषा

१

आजाऱ्याची काळजी घेण्याला मराठीत ‘शुश्रूषा’ असा शब्द आहे. संस्कृतातील ‘श्रु’ ह्या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला असून ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा मूळ अर्थ आहे. गुरूचे ऐकण्याची इच्छा, त्यावरून आज्ञाधारकपणा, त्यावरून सेवा आणि अखेरीस रुग्णसेवा असा ह्या शब्दाच्या अर्थाचा प्रवास झाला. आज ‘शुश्रूषा’ म्हटले म्हणजे औषध वेळेवर देणे, ताप पाहणे, अंग पुसणे, जखम बांधणे एवढेच अभिप्रेत असते. शब्दाचा पहिला अर्थ पार मागे पडला आहे. रुग्ण प्रौढ असेल तर त्यावाचून फारसे अडत नाही असे वाटू शकते, कारण प्रौढ माणूस आपले म्हणणे कसेबसे ऐकवतोच. रुग्ण चार वर्षांचे मूल असले म्हणजे मात्र तो पहिला अर्थ पुन्हा आठवावा लागतो. त्या मुलाला काय होते, कशाची भीती वाटते, आपल्याला येथे का आणले असा त्याने काय तर्क केला आहे, हे ऐकण्याची इच्छा धरणारा कोणी नसेल तर त्याचे अर्धे दुखणे कुणाला कळतच नाही.

रुग्णालयात दाखल झालेल्या बालकाला आणि त्याच्या कुटुंबाला मानसिक आधार द्यावा, आजारपणात मुलाची वाढ व विकास खुंटू देऊ नये, हा विचार गेल्या शतकात हळूहळू मान्य झाला. त्यात तीन गोष्टी मध्यवर्ती आहेत : आपल्या माणसाची सोबत, खेळ आणि घरची भाषा. ह्या तिन्ही गोष्टी दयेपोटी द्यावयाच्या सवलती नसून उपचाराचेच भाग आहेत. पहिल्या दोहोंना वैद्यकाने आता मान्यता दिली आहे. तिसरीकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले नाही, आणि ते वेधणे हे भाषा व साहित्य ह्यांच्या अभ्यासकांचेही काम आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होण्यासाठी छत्तीसगडमधील भिलईचे उदाहरण घेण्याजोगे आहे. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली. भोवतालच्या छत्तीसगडी भाषक खेड्यांच्या मध्ये तेलुगू, मलयाळी, बंगाली, ओडिया, पंजाबी आणि मराठी कुटुंबे येऊन वसली. मराठी माणसाचा ह्या प्रदेशाशी संबंध अर्थातच कारखान्यापेक्षा जुना आहे. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, आणि पुढे १९५६ पर्यंत नागपूर हीच ह्या प्रदेशाचीही राजधानी होती.

जुनवानी हे भिलईच्या कडेचे एकेकाळचे खेडे. आज तेथे शिक्षणसंस्था आहेत, वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. कारखान्याच्या वसाहतीतील सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय तर फार पूर्वीपासूनचे आहे. अशा परिसरातील कोणत्याही बालरुग्ण विभागाची कल्पना करावी. शेजारशेजारच्या चार खाटांवर चार भाषा बोलणारी मुले असू शकतात. डॉक्टरांची आपसातील चर्चा इंग्रजीत, खाटेला लावलेला तक्ता इंग्रजीत, परिचारिकेचे बोलणे हिंदीत, आणि तिची स्वतःची मातृभाषा कदाचित ह्या सर्वांहून निराळी. वडील कामाच्या ठिकाणी हिंदी बोलतात, म्हणून त्यांचे निभावते. आईला ती समजते, पण डॉक्टरांपुढे शब्द सुचत नाहीत. मूल जितके लहान तितकी त्याची भाषा एकच असते : घरची.

घराबाहेर पडलेल्या मुलाचे घर हरवते, आजारी मुलाचा खेळ हरवतो, आणि परभाषेच्या वॉर्डात आलेल्या मुलाचे शब्दही हरवतात. ह्या तीन तुटींपैकी पहिलीचा अभ्यास सर्वांत आधी झाला. म्हणून प्रथम तिचा विचार करणे सोयीचे होईल.

३

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोप-अमेरिकेतील रुग्णालयांत मुलांना भेटण्यावर कडक निर्बंध असत. आठवड्यातून एकदा, तेही ठरावीक वेळी, आईवडिलांनी यावे असा प्रघात होता. त्यामागे संसर्गाची भीती होती आणि आणखी एक समजूत होती. आई आली की मूल रडते, ती गेली की पुन्हा रडते. ती आलीच नाही तर ते काही दिवसांत शांत होते आणि ‘रुळते’. मुलाच्या ह्या शांततेचा अर्थ लावण्यातच मोठी चूक होत होती.

ही चूक उघड करणाऱ्यांत जेम्स रॉबर्ट्सन ह्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जॉन बोल्बी ह्यांच्यासमवेत काम करणाऱ्या रॉबर्ट्सन ह्यांनी एका लहान शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण केले. १९५२ मध्ये तो चित्रपट वैद्यकीय मंडळींपुढे दाखविला गेला, तेव्हा अनेकांनी त्याला विरोध केला. आईपासून दुरावलेल्या मुलाच्या वागण्यात रॉबर्ट्सन ह्यांनी तीन अवस्था सांगितल्या. पहिली निषेधाची : मूल रडते, खाटेचे गज धरून दाराकडे पाहत राहते. दुसरी निराशेची : रडणे थांबते, मूल मलूल होते, खाणे टाकते. तिसरी अलिप्ततेची : मूल पुन्हा हसू लागते, कोणाकडेही जाते, आणि आई आली तर तिच्याकडे पाठ फिरविते. ज्या अवस्थेला परिचारिका ‘रुळणे’ म्हणत होत्या ती प्रत्यक्षात ही तिसरी अवस्था होती.

१९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीने आपल्या अहवालात आईवडिलांना भेटीची मुक्त मुभा असावी आणि लहान मुलाबरोबर आईला राहू द्यावे अशी शिफारस केली. न्यूकॅसल येथे जेम्स स्पेन्स ह्यांनी १९२० च्या दशकातच अर्भकांबरोबर त्यांच्या आयांना दाखल करून घेण्यास आरंभ केला होता. तेव्हा कल्पना अगदी नवी नव्हती, नवी होती ती तिला मिळालेली सरकारी मान्यता. पुढे १९८८ मध्ये लायडन येथे युरोपातील संघटनांनी रुग्णालयातील मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. पालक सतत जवळ असणे, वयाला समजेल अशा रीतीने माहिती मिळणे, खेळ आणि शिक्षण ह्यांची सोय असणे ही तीतील मुख्य सूत्रे होत.

४

भारतीय वाचकाला हा इतिहास वाचताना काहीसे नवल वाटेल. आपल्याकडील सरकारी रुग्णालयात आजारी मुलाजवळ आई नाही असे क्वचितच दिसते. ‘सोबतीला कोण आहे?’ हा आपल्या वॉर्डातला पहिला प्रश्न असतो. ‘सोबत’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. काही करण्यासाठी नव्हे तर नुसते असण्यासाठी असणे, अंधाऱ्या वाटेने जाताना कोणी बरोबर असावे तसे असणे, असा त्याचा भाव आहे. परंतु प्रत्यक्षात सोबतीला आलेल्या आईला नुसते असण्याची उसंत मिळत नाही. औषधाची चिठ्ठी घेऊन दुकानात जाणे, रक्ताचे नमुने पोचविणे, अहवालासाठी रांगेत उभे राहणे, सलाईन संपत आले की सिस्टरला हाक मारणे ही सारी कामे तिच्या माथी येतात. तिचे शरीर वॉर्डात असते, पण मुलाला कवेत घेऊन स्वस्थ बसण्याचा वेळ तिला उरत नाही. ज्या सोबतीसाठी पाश्चात्त्य सुधारकांना झगडावे लागले ती आपल्याकडे आयती होती. आपण तिचे रूपांतर बिनपगारी मजुरीत केले.

दुसरी बाजू अशी की, जेथे रुग्णालय अधिक आधुनिक होते तेथे आपण नेमकी पाश्चात्त्यांनी टाकून दिलेली पद्धत उचलली. नवजात अतिदक्षता विभागाचे दार आईला दीर्घकाळ बंद राहिले. ह्या बाबतीत मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील काम उल्लेखनीय आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस ह्यांच्या पुढाकाराने तेथे आईचे दूध व आईचा सहभाग हा अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या उपचाराचा पाया मानला गेला आणि १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली; आशियातील ती पहिली होय. कोलंबियातील बोगोटा येथे १९७० च्या दशकाअखेर डॉ. एद्गार रे ह्यांनी कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत प्रचारात आणली होती, ती कांगारू-पद्धती म्हणून ओळखली जाते.

ह्या पद्धतीचे मोल आकड्यांतही सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारत व आफ्रिकेतील चार देश येथील पाच रुग्णालयांत एक मोठी चाचणी झाली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यांपैकी एक. १ किलो ते १.८ किलोच्या आतील वजनाच्या बाळांची प्रकृती स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्यांना आईच्या अंगाशी ठेवले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. बाळ जेथे तेथे आई हवी, म्हणजे अतिदक्षता विभागातच आईची खाट हवी, असा त्याचा सरळ अर्थ होतो. त्यापूर्वीच, २०१७ मध्ये, भारत सरकारने नवजात बालकांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. तेव्हा सोबतीचा प्रश्न तत्त्वतः सुटला आहे. उरला आहे तो अंमलबजावणीचा.

५

भाषेचा प्रश्न मात्र तत्त्वतःही पुरेसा मांडला गेलेला नाही. त्याचे गांभीर्य कळावे म्हणून छत्तीसगड आणि विदर्भ ह्या दोन्ही प्रदेशांत आढळणारा सिकलसेल हा आजार पाहावा. आईवडील दोघांकडून दोषयुक्त जनुक आलेल्या मुलाच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकतात आणि हाडांत, पाठीत, पोटात असह्य वेदना उठतात. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात. मोठ्या मुलाच्या अंगावर मात्र पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. आठवडाभराने हेच मूल अंगणात खेळत असते आणि महिन्याभराने पुन्हा दाखल होते. अशा मुलाच्या वेदनेला त्याच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नसतो. तो शब्द समजला नाही, किंवा समजूनही खरा मानला गेला नाही, तर मूल ‘ढोंग करते’ असा शिक्का बसतो आणि वेदनाशामक औषधाला उशीर होतो. ह्या रोगाच्या निर्मूलनासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. रक्ततपासणी हा तिचा पाया आहे, आणि ते योग्यच आहे. पण तपासणीनंतरही वेदना उरतेच, आणि ती मुलाला सांगावीच लागते.

मराठी मूल वेदना कशी सांगते? दात ‘ठणकतो’, गळू ‘ठसठसते’, काटा ‘सलतो’, खरचटल्यावर पाणी लागले तर ‘चुरचुरते’, तिखट ‘झोंबते’, पोटात ‘मुरडा’ येतो, फार वेळ एका जागी बसले की ‘रग’ लागते, पायात ‘गोळा’ येतो, तापात अंग ‘मोडून’ येते, हात लावू न देणारी जखम ‘हुळहुळते’, आणि आतून उठून आरपार जाणारी ‘कळ’ असते. ह्यांतील प्रत्येक शब्द वेदनेचा निराळा प्रकार दाखवितो. धडधडणारी, स्थिर, जळजळीत, थांबून थांबून येणारी असे जे भेद वैद्यकाला हवे असतात ते ह्या क्रियापदांत आयतेच आहेत. वॉर्डातील हिंदीत हे सर्व ‘दर्द’ ह्या एका नामात गोळा होते, आणि तक्त्यावर त्याचा एकच इंग्रजी प्रतिशब्द उमटतो. छत्तीसगडी मूल पोट ‘पिराथे’ म्हणते. त्यामागेही त्या भाषेची स्वतःची शब्दसंपत्ती आहे, आणि भाषांतरात ती अशीच गळून जाते.

वेदनेचे शब्द हे निदानाचे साधन होऊ शकते, हे रोनाल्ड मेल्झॅक ह्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. मॅक्गिल विद्यापीठाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्यांच्या प्रश्नावलीत ७८ वेदनावाचक शब्द २० गटांत लावलेले आहेत. परंतु ती इंग्रजी भाषेतील प्रौढांच्या शब्दांवर उभी आहे. अशा यादीचे शब्दशः भाषांतर करून भागत नाही. प्रत्येक भाषेत तिच्या शब्दांपासूनच आरंभ करावा लागतो. लहान मुलांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांची पट्टी वापरतात. १९८० च्या दशकात डोना वाँग व कॉनी बेकर ह्यांनी ती तयार केली. ती उपयुक्त आहे. तथापि चेहरा दाखविणारे मूल आपली वेदना सांगते की आपले दुःख, हा प्रश्न तिच्याबाबत विचारला गेला आहे.

मराठीत तर हा प्रश्न शब्दातच गुंतलेला आहे. ‘दुखणे’ म्हणजे वेदना होणे आणि ‘दुखणे’ म्हणजे आजारही. आजारी माणूस तो ‘दुखणाईत’. शरीर दुखते आणि मनही दुखते. घरची आठवण आलेले मूल ‘पोट दुखतं’ म्हणते तेव्हा ते खोटे बोलत नसते. त्याच्या भाषेत ह्या दोन गोष्टींमध्ये अजून भिंत उभी राहिलेली नसते. आईला हे कळते. दुखते म्हणताना मूल कोणत्या सुरात म्हणाले ह्यावरून ती फरक ओळखते. म्हणून परभाषेच्या वॉर्डात आई ही मुलाची केवळ सोबत नसते, ती त्याची दुभाषी असते. तिला बाहेर बसविणे म्हणजे रुग्णाची भाषाच बाहेर ठेवणे होय.

६

ऐकण्याइतकाच सांगण्याचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मुलाला आजाराविषयी काय सांगावे? आपल्या घरांत सुई ही पुष्कळदा आजारापूर्वीच धाक म्हणून येते. ‘जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ असे ऐकत वाढलेले मूल जेव्हा खरोखरच दाखल होते तेव्हा त्याच्या मनात हिशेब तयार असतो : आपण काही तरी वाईट केले म्हणून ही शिक्षा झाली. तीन ते सहा ह्या वयात मुलाचा विचार कार्यकारणापेक्षा अपराध आणि शिक्षा ह्या वाटेने जातो. धाकट्या भावाला मारले म्हणून आपला पाय दुखतो, असे त्याला मनापासून वाटू शकते. सात-आठ वर्षांच्या मुलाला शरीर हे यंत्रासारखे समजू लागते. त्याला चित्र काढून दाखविले तर रक्तपेशी अडकण्याची गोष्ट कळते. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला आजारापेक्षा वॉर्डात सर्वांदेखत कपडे बदलावे लागण्याची लाज अधिक जाचते. तेव्हा सांगण्याची रीत वयागणिक बदलली पाहिजे.

धाकाइतकाच घातक प्रकार म्हणजे लडिवाळ खोटेपणा. ‘काही नाही, मुंगी चावेल एवढंच’ असे म्हणून मोठी सुई टोचली की मूल पुढच्या वेळी मुंगीवरही विश्वास ठेवीत नाही आणि आईवरही. ‘दुखेल, पण लवकर थांबेल, तोवर तू माझा हात घट्ट धर’ हे वाक्य अधिक खरे आणि म्हणून अधिक धीराचे आहे.

मुलाला काही कळत नाही, म्हणून त्याच्यापासून लपवावे, ह्या समजुतीला मायरा ब्लूबाँड-लँग्नर ह्या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने धक्का दिला. रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या तीन ते नऊ वर्षांच्या मुलांमध्ये राहून त्यांनी असे पाहिले की, कोणी न सांगताही आपण मरणार हे ह्या मुलांना उमगलेले असते. शेजारचे मूल परत आले नाही, मोठ्यांचे आवाज खाली आले, आई बाहेर जाऊन डोळे पुसून आली, ह्या खुणा ती वाचतात. आणि आईवडिलांना वाईट वाटू नये म्हणून ती आपल्याला कळल्याचे लपवितात. दोन्ही बाजू एकमेकांसाठी नाटक करतात आणि मूल आपल्या भीतीत एकटे पडते. कथन आणि मौन ह्यांचा विचार करणाऱ्या अभ्यासकाला ह्याहून अधिक बोलके उदाहरण मिळणे कठीण.

७

मूल शब्दांनी जे सांगू शकत नाही ते खेळातून सांगते. एमा प्लँक ह्यांनी १९५५ मध्ये क्लीव्हलंड येथील रुग्णालयात बालजीवनाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला आणि १९६२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. बाहुलीला सुई देणारे, तिच्या हाताला पट्टी बांधणारे मूल स्वतःवर जे घडले ते आपल्या ताब्यात घेत असते. जे त्याला निमूट सोसावे लागले तेच तेथे ते स्वतः करते. ह्यामुळे पुढील उपचाराची भीती कमी होते. शिवाय बसणे, पकडणे, बोलणे, मोजणे ही विकासाची कामे आजारपणातही चालू राहतात.

अशा कार्यक्रमासाठी परदेशी खेळणी किंवा रंगीत खोलीच हवी असे नाही. ह्या विचाराची एक देशी परंपरा मराठीत उपलब्ध आहे. ताराबाई मोडक ह्यांनी गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि पुढे अनुताई वाघ ह्यांच्यासह बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते; त्यातून ‘अंगणवाडी’ ही संकल्पना रुजली आणि १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे तो शब्द देशभर पोचला. शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांची शैक्षणिक साधने होती. ह्या सूत्राचे पुढचे पाऊल रुग्णालयात पडावयास हवे. मूल अंगणात येऊ शकत नसेल तर अंगणाने खाटेपाशी जावे. चिंचोके मात्र तान्ह्या मुलाच्या हाती देऊ नयेत, आणि जे धुता येते तेच वॉर्डात न्यावे, एवढा विवेक अर्थातच हवा. सलाईनची सुई मुलाच्या खेळत्या हातात न लावता शक्यतो दुसऱ्या हातात लावणे, सुई टोचण्याचे काम खाटेवर न करता निराळ्या खोलीत करणे म्हणजे निदान खाट तरी निर्धोक राहील, ह्या गोष्टींना तर पैसाही लागत नाही.

८

मुलाबरोबर कुटुंबही आजारी पडते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. मात्र रुग्णालयाच्या रचनेत त्याला जागा नसते. ह्याला एक लक्षणीय अपवाद छत्तीसगडच्या सीमेलगतच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. रुग्णालय उभारण्यापूर्वी त्यांनी गोंड लोकांना विचारले की, रुग्णालयाची भीती का वाटते? मोठ्या इमारतीत हरवल्यासारखे होते, नातेवाईकांना राहू देत नाहीत, पांढरे कपडे तर मेलेल्या माणसाला घालतात, अशी उत्तरे आली. त्यानुसार शोधग्राम येथील रुग्णालय गावासारखे, झोपड्यांच्या रूपात उभे राहिले; नातेवाईकांना रुग्णाबरोबर राहता आले; आणि रुग्णालयाला बस्तरच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. हा सर्व बदल ‘शुश्रूषा’ ह्या शब्दाच्या मूळ अर्थाने घडला, म्हणजे आधी ऐकून घेऊन घडला.

नातेवाईकांच्या निवाऱ्याची परंपराही मराठी समाजात आहे. मुंबईत दादर येथे संत गाडगे महाराजांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करुग्ण आपल्या माणसांसह राहतात. टाटा रुग्णालयात उपचारासाठी परगावाहून येणाऱ्या मुलांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड केंद्रे विनामूल्य निवारा देतात. निवारा नसेल तर पुष्कळ कुटुंबे उपचार अर्ध्यावर टाकून गावी परततात. म्हणजे आईच्या डोक्यावरील छप्पर हेही मुलाचे औषधच ठरते. घरी राहिलेल्या भावंडांचा विचार मात्र अजून कोठेही पुरेसा होत नाही. आई एकाएकी दिसेनाशी झालेली असते आणि कारण कोणी सांगितलेले नसते. त्या मुलांचीही ती एक तूटच असते.

येथेही भाषा कामी येते. महाराष्ट्रातील वॉर्डांत आयेला ‘मावशी’ व शिपायाला ‘मामा’ म्हणण्याची रीत आहे. भिलईत तेच ‘दीदी’ व ‘भैया’ होतात. ह्या संबोधनांनी अनोळखी माणसे मुलाच्या ओळखीच्या नात्यांत बसतात. हेच तत्त्व आईच्या श्रद्धांनाही लागू आहे. मुलाच्या मनगटावरील काळा दोरा सुई लावण्याच्या आड येत असेल तर तो न बोलता कापून टाकण्याऐवजी आईला विचारून तिच्याच हाताने सोडवून उशीखाली ठेवता येतो. दोऱ्याचा औषधी गुण काही असो वा नसो. आपले ऐकले गेले, एवढे आईला कळते.

९

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला ह्या संदर्भात रवींद्रनाथांचे ‘डाकघर’ आठवणे स्वाभाविक आहे. १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ह्या नाटकातील अमल हा मुलगा वैद्याच्या आज्ञेने घरात कोंडलेला आहे. वैद्य पथ्य सांगतो. पण मुलाला जगविते ते खिडकीतून चालणारे बोलणे : दहीवाला, पहारेकरी, फुले वेचणारी मुलगी. आजारी मुलाला श्रोता मिळणे म्हणजे काय, हे ह्या नाटकाइतके थोडक्या कृतींनी दाखविले असेल. पोलंडमधील यानुश कोर्चाक हे स्वतः बालरुग्णालयात काम केलेले डॉक्टर. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सातील कोंडवाड्यात त्यांनी आपल्या अनाथालयाच्या मुलांकडून हेच नाटक करविले. पुढच्याच महिन्याच्या आरंभी ती मुले आणि कोर्चाक ट्रेब्लिंकाकडे नेले गेले. मृत्यूविषयी मुलांशी बोलण्यासाठी त्या डॉक्टराला हे बंगाली नाटक जवळचे वाटले, ही गोष्ट साहित्याच्या सामर्थ्याविषयी पुष्कळ सांगून जाते.

तथापि अभ्यासकाचे काम नाटकाच्या आठवणीपाशी संपत नाही. छत्तीसगडी, मराठी, गोंडी आणि हलबी ह्या भाषांत मुले व आया वेदनेसाठी कोणते शब्द वापरतात, ह्याचे संकलन विद्यापीठांच्या भाषाविभागांनी करण्याजोगे आहे. ह्यांपैकी हलबीला तर ग्रिअर्सन ह्यांनी आपल्या सर्वेक्षणात मराठीच्याच खंडात स्थान दिले होते. बस्तरकडून येणाऱ्या मुलाच्या तोंडी ती असू शकते. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या अवयवासाठी, कोणत्या प्रकारच्या वेदनेसाठी येतो हे हिंदीत लिहिले, तर दोन पानांची यादी होईल. तिच्याबरोबर ‘दुखेल, पण लवकर थांबेल’, ‘ही तुझी चूक नाही’, ‘आई येथेच आहे’ अशी दहा-बारा वाक्ये त्या त्या भाषेत द्यावीत. ही यादी आयांबरोबर बसून करावी, कारण त्या विषयाच्या जाणकार त्याच आहेत. आणि ती ग्रंथालयात न ठेवता वॉर्डातील परिचारिकांच्या टेबलावर ठेवावी. जुनवानीसारख्या ठिकाणी, जेथे विद्यालये आणि रुग्णालय एकाच परिसरात आहेत, तेथे ह्या कामास आरंभ करणे कठीण नाही. रात्रपाळीच्या परिचारिकेला ‘ठणकतंय’ आणि ‘झोंबतंय’ ह्यांतील फरक कळला, तर त्या रात्री एका मुलाला योग्य औषध वेळेवर मिळेल.